करवंदीच्या जाळीतलं आम्लेट

करवंदीच्या जाळीत सापडलेली अंडी कोणाची आहेत याची चौकशी न करता मी ती घरी आणली. त्यातली चार आम्लेट करून जावयाला खाऊ घातली. जावई वनखात्यात आहे.

सगळी हकिकत या तीन वाक्यांत आली. ज्यांना घाई आहे त्यांनी इथंच उतरायला हरकत नाही. (मी एसटीत कंडक्टर होतो. मधल्या थांब्यावर उतरणाऱ्यांचा मला राग येत नाही.) बाकीच्यांनी जरा पुढं सरकून घ्या, कारण खरी अडचण पुढंच आहे.

निवृत्त झाल्यावर नेकनूरजवळच्या आमच्या दोन एकरांत मी फूड फॉरेस्ट केलं. म्हणजे फळझाडं, भाज्या, वेली, कोंबड्या, शेळ्या हे सगळं जंगलासारखं दाटीवाटीनं वाढू द्यायचं आणि आपण मध्ये मध्ये करायचं नाही. मोबाइलवरच्या व्हिडिओतला माणूस सांगत होता, नांगरू नका, निंदू नका, फवारू नका, निसर्गाला कुंपण घालू नका! मला हे शास्त्र एकदम पटलं. माझ्या आयुष्यात पहिल्यांदाच कोणीतरी कामं सांगताना प्रत्येक कामाच्या शेवटी 'नका' म्हणत होतं.

सीताफळ, शेवगा, पपई, तुती, लिंबोणी, जांभूळ आणि बांधाच्या कडेनं करवंदीची जाळी. चार पावसाळ्यांत ते असं माजलं की शेळी आत गेली तर आवाजाच्या अंदाजानं शोधावी लागे. मला वाटायचं, वा! माझ्या आईला, म्हणजे मायला, वाटायचं वाटोळं.

"आंकुश्या, तुझ्या बापानं ह्या वावरात ज्वारी काढली. तू काय काढायलास? सरडे?"

"माय, याला जैवविविधता म्हणतात."

"म्हण बाबा. पर रातच्याला भाकर कशाची थापायची, ते बी इचार तुझ्या इविधतेला."

पाखरं मात्र खूश होती. बुलबुल, होले, सातभाई, भारद्वाज, तितर, आणि त्यांचे पुढारी म्हणून मोर-लांडोरी. त्यांचा दिनक्रम ठरलेला होता. राहायचं माझ्या जांभळीवर, पाणी प्यायचं माझ्या मडक्यातलं आणि जेवायला जायचं शेजारच्या लिंबाजीच्या ज्वारीत. लिंबाजी माझा शाळेपासूनचा सोबती. हुरड्याच्या दिवसांत तो गोफण घेऊनच बांधावर आला.

"कंडक्टर, तुझी पाखरं आवर बे!"

"माझी कशी? जंगली पाखरं हायत ती."

"वस्तीला कुणाकडं असत्यात?"

"…माझ्याकडं."

"मंग तुझीच! मपली ज्वारी निस्ती धांडं राहिली. लई झालं आता."

"लिंबाजी, निसर्गाला हद्द नसती."

"आसं? मंग उद्या मपली म्हैस तुझ्या पपईत सोडतो. तिला बी हद्द ठाऊक न्हाई."

त्या दिवसापासून आमचा अबोला सुरू झाला. व्हिडिओतल्या माणसाचं ऐकून मी बांधावरचं काटेरी कुंपण आधीच काढून टाकलं होतं. लिंबाजीनं मग त्याच्या बाजूनं कापसाच्या वाळल्या पऱ्हाट्यांचा उंच आडोसा उभा केला. आडोशामागं तो काय करतोय ते कळायला मार्ग नव्हता. विचारायचं तर अबोला मोडणार! फक्त अधूनमधून तिकडून 'गुडगुडगुड' असा आवाज यायचा.

मी बायकोला, सिंधूला, म्हटलं, "लिंबाजीची मोटार हवा धरायली. इहीर आटली वाटतं."

आणि त्या आनंदात एक भाकरी जास्त खाल्ली. (देव बघत असतो.)

चैत्रातल्या एका सकाळी मी अंडी शोधायला निघालो. आमच्या कोंबड्या मन मानेल तिथं अंडी घालत. त्यामुळं इतर लोक अंडी गोळा करतात, आम्हाला ती हुडकावी लागत. त्या दिवशी बांधालगतच्या करवंदीच्या जाळीत मी गुडघ्यांवर रांगत शिरलो आणि बघतच राहिलो. वाळल्या पाल्यावर एकाजवळ एक नऊ अंडी! केवढाली! दुधाळ रंगाची, त्यावर चिखलाचे तांबूस शिंतोडे. टॉवेलच्या टोकानं शिंतोडे पुसून बघितले, निघेनात. थुंकी लावून घासले, तरी निघेनात. म्हटलं, असू दे, गावरान चिखल आहे, चिवटच असणार.

टॉवेलात बांधून मी ती विजयी मुद्रेनं घरात आणली.

"बघा! रासायनिक खाद्य बंद केलं की काय होतं बघा!"

सिंधूनं एक अंडं उचललं. "आवो, आपल्या कोंबडीनं येवढं आंडं घातलं आसतं तर ती दोन दिवस निजून राहिली आसती."

मायनं दुसरं हातात फिरवलं, उजेडात धरलं. "ह्ये मपल्या कोंबडीचं न्हाई. कुणाचं हाय?"

"माय, आपल्या रानात सापडलं म्हणजे आपलंच!"

(हे वाक्य पुढं सगळ्यांनी मला वेळोवेळी परत ऐकवलं. अजूनही ऐकवतात.)

आमची चांदणी नावाची कोंबडी तेव्हा खुडूक झाली होती. म्हणजे अंडी घालणं बंद करून, पिसं फुगवून, कोपरा धरून बसली होती आणि जवळ जाईल त्याला टोचत होती. अशा कोंबडीखाली अंडी बसवायची तर ते काम मायचं. त्यात ती कोणाला हात लावू देत नाही. टोपल्यात भुसा घातला. विजेच्या कडकडाटानं अंडी नासू नयेत म्हणून भुशाखाली लोखंडी खिळा ठेवला. बसवायची ती विषमच, म्हणून पाच मोजून घेतली आणि प्रत्येकावर कोळशाची रेघ ओढली.

"कुणाची का आसंनात," ती म्हणाली, "जीव हाय तर निघंल."

उरलेली चार अंडी सिंधूनं फडताळात ठेवली. आणि त्याच रविवारी आमची एकुलती एक लेक शीतल आणि जावई गणेशराव आले.

लग्नानंतरची ही त्यांची पहिलीच निवांत भेट. गणेशराव वनरक्षक आहेत. नोकरी नवी, तेव्हा अजून कायम व्हायची होती. पोरगा एरवी मोजकं बोलणारा, पण झाडापाखरांचा विषय निघाला की घाटात ब्रेक गेलेल्या गाडीसारखा थांबत नाही. अशा जावयाला आपल्या जंगलातलं काहीतरी खाऊ घालावं, असं कोणत्या सासऱ्याला वाटणार नाही?

स्वयंपाकघरातून सिंधूचा आवाज आला, "आवो, ह्ये आंडं फुटंना! वरवंटा घेऊ का?"

"घे, घे! जाड कवच म्हणजे कॅल्शियम!" मी जावयाला ऐकू जाईल अशा बेतानं ओरडलो.

गणेशरावांनी पहिली प्लेट संपवली. दुसरी घेतली.

"मामा, आम्लेट लई भारी झालंय. आन् तुमचं रान तर काय इचारू नका! मघाशी जांभळीखाली दोन लांडोरी दिसल्या. तुमच्याकडंच अंडी घालत असणार त्या."

"आमच्याकडं?" मी फुललो. "कुठं घालतात हो?"

"भुईवरच. असल्या करवंदीच्या जाळीत, वाळल्या पाल्यावर."

माझा घास जरा सावकाश झाला.

"आणि… केवढाली असतात?"

"कोंबडीच्या दीडपट." त्यांनी आम्लेटच्या तुकड्याची घडी केली आणि तोंडात टाकली. "दुधाळ रंग. कवच इतकं जाड का फोडायला जोर लागतो."

आत वरवंट्याचा आवाज थांबला.

"समजा कोणी चुकून उचलली तर?"

"चुकून? मामा, राष्ट्रीय पक्षी हाय. अंड्याला हात लावला तरी गुन्हा. मागं एकानं घरी आणलती. जामिनापायी चपला झिजल्या त्याच्या. आन् आमच्यातलाच कुणी घावला तर मंग नोकरी गेलीच समजा. मी तर अजून कायम बी न्हाई!" ते मनमोकळे हसले. "त्यांची आणिक एक खूण असती बरं का मामा. त्या अंड्यावर…"

"आम्लेट घ्या!" मी ओरडलो.

"न्हाई, मी काय सांगत होतो, त्या अंड्यावर…"

"सिंधू! पाव्हण्यांना पाणी! काकडी! चहा!"

त्या अंड्यांबद्दल आणखी एक शब्दही ऐकायची माझ्यात ताकद नव्हती. (ती खूण ऐकली असती तर सगळं तिथंच मिटलं असतं. पण लोकांचं बोलणं अर्ध्यावर तोडण्यातच माझी सगळी नोकरी गेली.)

गणेशराव हात धुवायला उठले तशी सिंधू माझ्या कानाशी आली.

"टरफलं!"

"कुठायत?"

"लिंबोणीच्या बुडात टाकली. खत व्हतंय म्हणून तुमीच न्हाई का सांगितलं?"

आणि गणेशराव हात पुसत पुसत लिंबोणीकडंच निघाले होते! मी धावलो. पण माझ्याआधी डेपो पोचला. डेपो म्हणजे आमचं कुत्रं. दिवसभर कुठंही भटकलं तरी संध्याकाळी नेमानं परत येतं, म्हणून हे नाव. त्यानं त्यातल्या त्यात मोठं टरफल निवडलं, तोंडात अलगद धरलं आणि शेपूट हलवत जावयाला नजर करायला घेऊन निघालं. मी झेप घेतली, ते त्याच्या तोंडातून ओढलं आणि सदऱ्याच्या खिशात कोंबलं.

"काय व्हतं मामा?"

"हाड."

"खिशात घातलं?"

"…त्याला सोसत नाही."

टरफलात जरा बलक उरला होता. तो माझ्या छातीवरून सावकाश खाली उतरत असताना मी जावयाला सीताफळाच्या छाटणीविषयी माहिती दिली. परत येऊन ओसरीत टेकतो तोच गणेशरावांची नजर कोपऱ्यातल्या टोपल्यावर गेली.

"आजी, कोंबडी बसवलीय व्हय?"

"व्हय की बापू. आंडी बघायची का? लई मोठाली…"

मला खोकला आला. असा आला की थांबेचना. शीतलनं पाठीत गुद्दे घातले, सिंधूनं हळद-दूध आणलं, गणेशराव म्हणाले, मामांना बीडला दवाखान्यात दाखवू या. टोपल्याचा विषय मागं पडला. संध्याकाळच्या गाडीनं लेक-जावई गेले आणि मी भिंतीला टेकलो.

"सांगून टाका त्यांना," सिंधू म्हणाली.

"सांगून? म्हणजे त्यांनी सासऱ्यावर केस करायची? आणि पुरावा कुठंय माहीत आहे ना? त्यांच्याच पोटात!"

"आन् न्हाई सांगितलं तर?"

"तर आपल्या पोटात."

शीतलचा संसार नुकता मांडलेला. भाड्याच्या दोन खोल्या, चार भांडी आणि त्या पोराची ही नोकरी. एवढ्यावर सगळं उभं होतं. आणि मी त्याखाली वरवंटा ठेवला होता.

दुसऱ्या दिवशी उरलेली अंडी गुपचूप जाळीत नेऊन ठेवावी म्हणून टोपल्याला हात लावला, तर चांदणीनं अंगठा फोडला आणि मायनं कान फोडले.

"बसल्याली कोंबडी उठवायलास? पाप लागंल, मेल्या!"

म्हणजे ठेवली तर गुन्हा, उचलली तर पाप!

त्यानंतरचे दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. लांडोरींचं ओरडणं मला आधी निसर्गाचं संगीत वाटायचं. आता ते पंचनामा वाटायला लागलं. एक लांडोर तर रोज जांभळीखाली उभी राहून मान वाकडी करून माझ्याकडं टक लावून बघायची. मी तिला ज्वारी टाकली, पाण्याचं मडकं दोनदा भरलं, एकदा हातही जोडले. डेपोनं ते बघितलं आणि तो माझ्यापासून जरा लांब जाऊन बसला.

तीन आठवडे उलटले तरी अंडी फुटेनात. "नासली वाटतं," सिंधू आशेनं म्हणाली. मायनं एक अंडं कानाशी धरलं.

"जित्ती हायत. पर कोंबडीची आसती तर आत्तापत्तुर निघाली आसती." आणि तिनं माझ्याकडं बघितलं. "कुणाची हायत रं आंकुश्या?"

मी शेळीला चारा टाकायला निघून गेलो. (शेळीपुढं आधीचा चारा तसाच होता.)

आणि मग गणेशरावांचा फोन आला.

"मामा, खुशखबर! आमच्या मोठ्या साहेबांना तुमच्या रानाचं सांगितलं. उद्या सकाळी त्यांना घेऊन येतोय!"

"वा… वा."

"आन् मामा, ते आम्लेट! साहेबांना असं वर्णन करून सांगितलंय म्हणता! त्यांच्यासाठी दोन अंडी तेवढी बाजूला ठेवा."

माझ्या हातून मोबाइल पडला. डेपोनं तो उचलून आणून दिला. त्या कुत्र्याला पुरावे गोळा करायची आवडच होती.

सकाळ झाली. मी टोपलं कुठं लपवायचं याचा विचार करत असतानाच माय ओसरीतून ओरडली, "आंडी टोचली! पिल्लं निघायलीत!"

इतक्या दिवसांत नाही, आणि आज! टोपल्यातून चिवचिव ऐकू यायला लागली. आतून पिल्लं चिवचिवत होती आणि वरून चांदणी त्यांना मोठमोठ्यानं शाबासकी देत होती. त्याच वेळी रस्त्यावर जीपचा आवाज आला. गोठ्यात ठेवावं तर साहेब गोठा बघणार. माळ्यावर ठेवावं तर चिवचिव घरभर. तेव्हा माझ्या डोक्यात एक अत्यंत हलकट कल्पना आली, लिंबाजीचा आडोसा! साहेब जाईपर्यंत टोपलं त्याच्यामागं ठेवायचं. आणि सापडलंच, तर जमीन लिंबाजीची! (मी सज्जन आहे असं मी वर कुठंही म्हटलेलं नाही.)

टोपल्यावर गोणपाट टाकलं, टोपलं डोक्यावर घेतलं आणि करवंदीतून घुसलो. काट्यांनी सदरा फाडला. चांदणी आतून माझ्या सात पिढ्यांचा उद्धार करत होती. बांध ओलांडला, पऱ्हाट्या बाजूला सारल्या, आत पाऊल टाकलं आणि समोर लिंबाजीची मोटार उभी होती.

काळीभोर. छाती पुढं काढलेली. शेपटीचा पंखा पसरलेला. निळंलाल बोडकं डोकं, त्याखाली मांसाची लोंबती झालर. तिनं मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाली, "गुडगुडगुड!"

मी टोपल्यासकट खाली बसलो.

"कोण हाय बे तिकडं?" हातात काठी घेऊन लिंबाजी धावत आला. "आं? कंडक्टर? चोर घावला रे घावला!"

"हळू बोल लिंबाजी, पाया पडतो तुझ्या!"

"कावून हळू? मपली आंडी गायब व्हायलीत कवापासनं! मुंगूस म्हनलं, साप म्हनलं, तुझं कुत्रं म्हनलं. तू हायस व्हय त्यो!"

"तुझ्या अंड्याला मी कशाला हात लावू? ही मोराची हायत!"

हे वाक्य मी जरा मोठ्यानंच बोललो. कारण मागून प्रश्न आला, "कशाची?"

मागं खाकी कपड्यांत साहेब उभे होते. त्यांच्या शेजारी गणेशराव.

आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. मी उभा राहिलो, हात जोडले. "साहेब, गुन्हा माझा. मी उचलली, मीच तळायला लावली. जावयांना काडीचीबी कल्पना नव्हती. त्यांनी नुसती खाल्ली."

"खाल्ली?" साहेब म्हणाले.

"मामा…" गणेशरावांचा आवाज फाटला. "ते आम्लेट?"

"दोन प्लेट," मी म्हणालो. (पूर्ण हिशेब देण्याची कंडक्टरची खोड. नको तिथं उफाळून येते.)

गणेशराव बांधावर मटकन बसले. एक हात कपाळावर, दुसरा पोटावर. तोंड पिकल्या लिंबासारखं पिवळं. माझ्या मूर्खपणाला आजवर सगळे हसत आले. त्याची किंमत भरायची वेळ दुसऱ्या कोणावर कधी आली नव्हती.

साहेबांनी गोणपाट उचललं. चांदणीनं त्यांनाही टोचलं. तिच्या पंखांखालून दोन ओलसर पिल्लं बाहेर डोकावली. साहेबांनी एक न फुटलेलं अंडं काढलं, फिरवून बघितलं आणि गणेशरावांच्या हातात दिलं.

"गणेश, नीट बघ."

गणेशरावांनी बघितलं. डोळ्यांजवळ नेऊन बघितलं. मग त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू रक्त परत आलं.

"साहेब… ठिपके?"

"ठिपके."

"मामा! लांडोरीच्या अंड्यावर असले ठिपके नसतात! त्या दिवशी हेच तर सांगत होतो मी तुम्हाला!"

"ते ठिपके व्हय?" मी म्हणालो. "मी चिखल समजून थुंकी लावून घासले…"

तोवर लिंबाजीनं पुढं होऊन अंडं हिसकावून घेतलं होतं. "मोराची? आरं येड्या, ही मपल्या टर्कीची हायत! सिरसाळ्याच्या पाव्हण्याकडनं जोडी आणली, परदेशी कोंबडी म्हणून जिवापाड जपायलो. ती मादी रोज सकाळच्याला कुठं गायब व्हती ते कळंना! तुझ्या त्या कचऱ्यात येऊन घालायली व्हय!"

"म्हणजे… मी फक्त…"

"चोर हायस तू!"

"नुसता चोर?"

"मंग आणिक काय व्हायचंय तुला?"

मी लिंबाजीला कडकडून मिठी मारली. चोर ठरल्याचा इतका आनंद जगात कोणाला झाला नसेल. "साहेब, मी चोर हाय! गणेशराव, तुमचा सासरा नुसता चोर हाय हो!"

"आरं सोड, दम कोंडला! येडा झालास का बे?" लिंबाजी ओरडत होता. गणेशराव बांधावर बसून आधी हसले, मग डोळे पुसले, मग परत हसले. टर्कीचा नर आमच्याभोवती पंखा पसरून फेऱ्या मारत गुडगुडत होता.

साहेबांचा चेहरा मात्र तसाच गंभीर. "टर्कीची चोरी वनखात्याकडं येत नाही. ते तुम्ही दोघं बघून घ्या." मग जरा थांबून म्हणाले, "पण आम्लेटचं काय झालं?"

"मपल्याकडं हायत की दोन, खुराड्यात घावल्याली," लिंबाजी म्हणाला. "चला. ह्या चोराच्या घरी तव्यावर टाकू."

हुरड्यापासूनचा अबोला असा मोडला. सिंधूनं यावेळी वरवंटा उघडपणे, आवाज करत चालवला. जेवताना असं ठरलं की बांधावरचं कुंपण मी माझ्या हातानं परत घालायचं आणि पाखरांसाठी ज्वारीच्या चार ओळी माझ्या वावरात पेरायच्या, म्हणजे त्यांची राहण्या-जेवणाची सोय एकाच ठिकाणी होईल. मोर-लांडोरींना हे अजून कळवायचं राहिलं आहे. पिल्लं लिंबाजीची, म्हणून सगळी निघाल्यावर तो पाचही घेऊन गेला. पण ती चांदणीला सोडेनात, म्हणून चांदणीही गेली. पुढं पिल्लं तिच्या दुप्पट झाली, तरी ऊन लागलं की सगळी तिच्या पंखाखाली डोकं खुपसायची. बाकीचं अंग बाहेर.

परवा गणेशराव पेढे घेऊन आले. नोकरी कायम झाली. सिंधूनं मोठ्या हौसेनं त्यांच्यापुढं आम्लेट ठेवलं. त्यांनी तुकडा मोडला, तोंडाजवळ नेला आणि हात तिथंच थांबला. पोरगा संस्कारी. विचारायचं कसं, म्हणून नुसतं माझ्याकडं बघत राहिला.

मी छाती पुढं काढली. "खा, खा! आपल्याच रानातलं…"

"तू गप!" मायनं मला तिथंच तोडलं आणि आम्लेटची ताटली जावयापुढं सरकवली. "खा बापू, बिनघोर खा. ही म्या सोता कोंबडीखालनं काढलीत. आवो, दुसऱ्याची आंडी मिळाली तर कोंबडीनं उबवून पिल्लं काढली, आन् मपल्या लेकानं तळून जावयाला वाढली. तवापासनं ह्या घरात काय इचारायचं आसलं, तर मी कोंबडीला इचारते."